राष्ट्रपतीची निवड आणि रिकाम्या खुर्चीचा प्रश्न

(पिंप्राळा येथील व्याख्यानाचा मजकूर)



आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो तेव्हा पाहणाऱ्याची नजर दोरावर आणि कळसावर असते. चाकाजवळ वाकून मोगरी लावणाऱ्या माणसाकडे कोणी फारसे पाहत नाही. रथ ओढतात ती शेकडो माणसे. पण वळणावर त्याला वळवायचे आणि उतारावर आवरायचे काम त्या लाकडी मोगरीचे. मोगरी लावणारा रथ ओढू शकत नाही, रथ कोठे न्यायचा हेही ठरवू शकत नाही. तरीही ऐन उतारावर तो जागेवर नसेल, किंवा कोणाच्या तरी इशाऱ्यावरून भलत्याच वेळी मोगरी काढून घेईल, तर काय होईल हे गावातल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही.

भारतीय घटनेतील राष्ट्रपतिपद जवळपास असे आहे. त्याच्या वैभवाविषयी पुष्कळ लिहिले जाते. राष्ट्रपती भवनातील खोल्या मोजल्या जातात, घोडेस्वारांचे वर्णन होते. परंतु त्या जागी माणूस कसा येतो, आणि ती जागा अवचित रिकामी झाली तर पुढे कोण, हे मात्र सुशिक्षितांनाही नीट सांगता येत नाही.

जळगाव जिल्ह्याला तरी याचे अज्ञान शोभणारे नाही. बोदवडजवळच्या नाडगाव येथे जन्मलेल्या, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ रोजी राष्ट्रपती झाल्या. १९६२ मध्ये त्या जळगाव मतदारसंघातून विधानसभेवर गेल्या आणि १९६७ पासून १९८५ पर्यंत एदलाबादच्या आमदार होत्या. म्हणजे स्वतः उमेदवार होण्यापूर्वी अनेक वर्षे राष्ट्रपतीच्या मतदारयादीत त्यांचे नाव होते. २००७ च्या मतमोजणीत त्यांना ६,३८,११६ आणि भैरोसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ मते पडली. त्या वेळी पिंप्राळ्यातील कित्येकांना प्रश्न पडला असेल : देशाचे मतदार कोट्यवधी, मग ही लाखांतली मते कोणाची? आणि आपल्या गावात त्या दिवशी मतपेटी का आली नाही?

उत्तर घटनेच्या ५४ व ५५ या कलमांत आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य, एवढेच राष्ट्रपतीचे मतदार. नामनियुक्त खासदाराला मत नाही. विधान परिषदेच्या आमदारालाही नाही. दिल्ली व पुदुच्चेरी येथील आमदारांना हा हक्क १९९२ च्या घटनादुरुस्तीने मिळाला. महाराष्ट्राच्या आमदाराचे मत किती वजनाचे, हे राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरते. ती लोकसंख्या ५,०४,१२,२३५; तिला २८८ ने भागावे, आलेल्या संख्येला पुन्हा हजाराने भागावे, म्हणजे १७५ येतात. उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे मत २०८ चे, सिक्कीमच्या आमदाराचे ७ चे. देशातील सर्व आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज खासदारांच्या संख्येने भागली की खासदाराचे मतमूल्य मिळते. २०२२ च्या निवडणुकीत ते ७०० होते.

आता खानदेशाचा हिशेब करून पाहावा. जळगाव जिल्ह्यातील ११ आमदारांची १,९२५ मते, धुळ्यातील ५ आमदारांची ८७५, नंदुरबारमधील ४ आमदारांची ७००; एकूण ३,५००. जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार या चार खासदारांची २,८००. सगळी मिळून ६,३००. २०२२ मध्ये देशाची एकूण मते १०,८६,४३१ होती. द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मते मिळाली त्या वेळी खानदेशाचे वजन एवढेच होते. पिंप्राळ्याच्या मतदाराने विधानसभेला जे एक मत टाकले, त्याचाच अंश या १७५ च्या आकड्यात बसून मुंबईच्या विधान भवनात जातो.

असा आडवळणाचा मार्ग का घेतला? घटनासमितीत प्रा. के. टी. शहा यांनी प्रौढ मतदानाने थेट निवडणुकीचा आग्रह धरला होता. तो मान्य झाला नाही. सर्व देशाने थेट निवडलेला राष्ट्रपती उद्या पंतप्रधानाला विचारील की, तुला एका मतदारसंघाने निवडले, मला सगळ्या देशाने; मग हुकूम कोणाचा? जबाबदार मंत्रिमंडळाची पद्धत स्वीकारल्यावर दोन सत्ताकेंद्रे उभी करणे धोक्याचे होते. दुसऱ्या बाजूने, केवळ संसदेने निवडलेला राष्ट्रपती संसदेतील बहुमताचा बाहुला होईल, ही भीती. म्हणून आमदारांना त्यात आणले. ही योजना शहाणपणाची होती, असेच म्हणावे लागेल. मात्र तिच्यामुळे बाहुला होण्याची भीती टळली असे म्हणता येत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर फक्रुद्दीन अली अहमद यांची सही झाली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकदेखील झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. मोगरी लावणारा जागेवर होता आणि रथ उतारावरून सुटला. ४४ व्या घटनादुरुस्तीने पुढे मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला, तो याच अनुभवामुळे.

या निवडणुकीच्या नियमांना वळण देणारा एक खटला मराठी माणसाने केला, हे आज विस्मरणात गेले आहे. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे, एके काळचे मध्यप्रांताचे मुख्य प्रधान, १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की, पंजाब व हिमाचल प्रदेशाच्या काही भागांत अजून सार्वत्रिक निवडणूक व्हायची असताना राष्ट्रपतीची निवडणूक घेता येणार नाही. मतदारमंडळ अपुरे आहे. न्यायालयाने अर्ज फेटाळला. पण शंका शिल्लक राहिली, आणि १९६१ च्या ११ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट केले की मतदारमंडळात जागा रिकामी होती एवढ्या कारणाने निवड रद्द होणार नाही. १९७४ मध्ये गुजरातची विधानसभा विसर्जित असताना हाच प्रश्न पुन्हा आला. निवडणूक पुढे ढकलता येणार नाही, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने दिला. गुजरातचा एकही आमदार नसताना राष्ट्रपती निवडला गेला. न्यायालयाचे तर्कशास्त्र निर्दोष आहे, कारण मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झालीच पाहिजे असे ६२ वे कलम सांगते. तरीही एखाद्या राज्याची विधानसभा मोडून त्या राज्याचा आवाज या निवडणुकीतून वजा करता येतो, ही गोष्ट डोळ्याआड करण्यासारखी नाही.

आता रिकाम्या खुर्चीकडे वळू.

राष्ट्रपती मरण पावला, त्याने राजीनामा दिला किंवा त्याला दूर करण्यात आले, तर ६५ व्या कलमाप्रमाणे उपराष्ट्रपती काम पाहतो आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. नवा राष्ट्रपती पूर्वीच्या माणसाची उरलेली मुदत भरत नाही. त्याला पुरी पाच वर्षे मिळतात. अमेरिकेत याच्या उलट. तेथे उपाध्यक्ष हाच राष्ट्राध्यक्ष होतो आणि उरलेला काळ पुरा करतो. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींचा खून झाला आणि त्याच दिवशी जॉन्सन यांनी विमानात शपथ घेतली. योगायोग असा की त्यानंतर दोनच दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार अधिकारावर असताना वारले. येथे तयार वारस कोणी नव्हता. पी. के. सावंत यांनी हंगामी कारभार सांभाळला, विधिमंडळ पक्षाने नेता निवडला आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक यांनी शपथ घेतली. वॉशिंग्टनला एक दिवसही लागला नाही, मुंबईला अकरा लागले. पण मुंबईतल्या त्या अकरा दिवसांत निवड झाली होती. वॉशिंग्टनमध्ये ती तीन वर्षांपूर्वीच उरकलेली होती. अमेरिकी पद्धतीचे टोक १९७४ मध्ये दिसले. निक्सन यांनी राजीनामा दिला आणि जेराल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांना जनतेने ना अध्यक्ष म्हणून निवडले होते, ना उपाध्यक्ष म्हणून.

भारताच्या घटनेत मात्र एक भोक राहून गेले होते. राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही, अशी वेळ आली तर? ७० व्या कलमाने ही व्यवस्था करण्याचे संसदेवर सोपवले आणि संसद एकोणीस वर्षे स्वस्थ बसली. ३ मे १९६९ रोजी डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले, आणि तेच उमेदवार म्हणून उभे राहण्याचा संभव दिसू लागला. तेव्हा कोठे मे महिन्याच्या अखेरीस कायदा झाला : दोघेही नसतील तर सरन्यायाधीश, तेही नसतील तर सर्वोच्च न्यायालयाचे ज्येष्ठतम न्यायाधीश.

१९ जुलैला गिरींनी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकुमावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी पद सोडले. हा राजीनामा द्यायचा कोणाकडे, हीसुद्धा गंमतच होती. घटनेप्रमाणे राष्ट्रपती आपला राजीनामा उपराष्ट्रपतीकडे देतो आणि उपराष्ट्रपती राष्ट्रपतीकडे. येथे दोन्ही खुर्च्यांवर एकच गृहस्थ! सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी सूत्रे घेतली. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेल्या आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेल्या या गृहस्थांनी पस्तीस दिवस राष्ट्रपतीचे काम पाहिले. निक्सन दिल्लीला आले तेव्हा त्यांचे स्वागतही त्यांनीच केले.

त्या निवडणुकीसारखी निवडणूक पुन्हा झाली नाही. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. त्यांच्या अर्जावर इंदिरा गांधींची सही होती. नंतर त्याच इंदिराबाईंनी सदसद्विवेकाला स्मरून मत द्या असे सांगितले, आणि त्याचा अर्थ गिरींना द्या असा होतो हे प्रत्येकाला कळले. तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातील नाते गावचा हा बुद्धिमान मनुष्य रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री होता. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाविरुद्ध १९५६ मध्ये त्याने मंत्रिपदावर लाथ मारली होती. त्यांना स्वतंत्र व जनसंघ या पक्षांचा पाठिंबा होता, याचे महाराष्ट्रातील अनेकांना वाईट वाटले असेल. पण राजकारणात एकट्या माणसाला असे आसरे घ्यावे लागतात.

पहिल्या पसंतीची मते मोजली तेव्हा गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते होती. विजयाला ४,१८,१६९ हवी होती. कोणालाच ती नव्हती. मग एकल संक्रमणीय मताची पद्धत प्रत्यक्ष कामाला लागली : सर्वांत कमी मतांचे उमेदवार एकामागून एक बाद करायचे आणि त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजायची. देशमुख आणि इतर बाद झालेले उमेदवार यांच्या मतपत्रिकांतून रेड्डींना सुमारे ९२ हजारांची भर पडली. गिरींना साडेअठरा हजारांची. तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. कोटा ओलांडला तो अवघ्या १,९०८ मतांनी. म्हणजे महाराष्ट्राच्या अकरा आमदारांच्या मतमूल्याएवढाही तो फरक नव्हता, आजच्या मोजमापाने. या निवडीविरुद्धच्या अर्जावर गिरी राष्ट्रपती असताना स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्षीला आले. १९७० मध्ये अर्ज फेटाळला गेला. पदावरील राष्ट्रपती साक्षीदार म्हणून न्यायालयात येतो, ही लोकशाहीतील सुंदर घटना आहे. तिची आठवण शाळेच्या पुस्तकांतही ठेवली पाहिजे.

या निवडणुकीला पक्षादेश लागू होत नाही आणि मत गुप्त असते, हा नियम १९६९ मध्ये काँग्रेस फोडण्यास उपयोगी पडला. त्याच नियमाच्या आधारे २००७ मध्ये शिवसेनेने आघाडीतील मित्रपक्षांना बाजूला ठेवून मराठी राष्ट्रपती म्हणून प्रतिभाताईंना मते दिली. नियम तोच, हेतू प्रत्येक वेळी निराळा.

दुसऱ्यांदा खुर्ची रिकामी झाली ती ११ फेब्रुवारी १९७७ रोजी, ऐन लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत. फक्रुद्दीन अली अहमद गेले आणि जमखंडी संस्थानातून राजकारणात आलेले बी. डी. जत्ती हंगामी राष्ट्रपती झाले. जनता पक्षाचे सरकार आले. त्याने काँग्रेसच्या हाती असलेल्या नऊ राज्यांच्या विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला. जत्तींनी तत्काळ सही दिली नाही. ती ३० एप्रिलला झाली. घाई कशाची होती? जनतेचा कौल बदलला, हे कारण सांगितले गेले आणि ते खोटे नव्हते. परंतु ऑगस्टच्या आत राष्ट्रपतीची निवडणूक व्हायची होती आणि त्या नऊ विधानसभांचे आमदार तिचे मतदार होते, हेही विसरता येत नाही. जूनमध्ये तेथे नव्या विधानसभा आल्या आणि आठ वर्षांपूर्वी हरलेले संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. हुकूमशाहीच्या विरोधात उभे राहिलेल्यांच्या हातूनही मतदारमंडळ आपल्या सोयीचे करून घेण्याचा मोह सुटला नाही, असे कोणी म्हटले तर त्याला गप्प बसवता येणार नाही. रेड्डींनी २५ जुलैला शपथ घेतली आणि तेव्हापासून प्रत्येक राष्ट्रपतीचा शपथविधी २५ जुलैलाच होत आला, प्रतिभाताईंचाही. ती तारीख आली आहे एका आकस्मिक मृत्यूतून.

पंतप्रधानाच्या बाबतीत तर वारसाचा नियमच नाही. नेहरू गेले, शास्त्री गेले, दोन्ही वेळा गुलझारीलाल नंदा काही दिवस बसले आणि पक्षाने नेता निवडल्यावर उठले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींचा खून झाला. परदेश दौऱ्यावरून परतलेल्या झैलसिंगांनी त्याच संध्याकाळी राजीव गांधींना शपथ दिली. हंगामी पंतप्रधान नेमला नाही, संसदीय पक्षाची निवड आधी झाली नाही. प्रसंग भयंकर होता, हे मान्य. पण दोनदा पाळलेली प्रथा तिसऱ्यांदा मोडली, आणि ती मोडताना वारस घरातला होता. लोकशाहीत वारस हा शब्द कायद्याच्या अर्थाने वापरायचा की सातबाराच्या, हा प्रश्न त्या संध्याकाळी पडायला हवा होता. फार थोड्यांना पडला.

रिकाम्या खुर्चीची गोष्ट जुनी झाली असे कोणी समजू नये. २१ जुलै २०२५ रोजी उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी राजीनामा दिला. १२ सप्टेंबरला महाराष्ट्राचे त्या वेळचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांनी त्यांची जागा घेतली. मधल्या त्रेपन्न दिवसांत देशाला उपराष्ट्रपती नव्हता. त्या काळात राष्ट्रपतिपद रिकामे पडते, तर १९६९ चा कायदा पुन्हा जागा झाला असता आणि सरन्यायाधीश भूषण गवई यांना, म्हणजे अमरावतीच्या, रिपब्लिकन चळवळीतून आलेल्या रा. सू. गवईंच्या मुलाला, राष्ट्रपतीचे काम पाहावे लागले असते. वृत्तपत्रांनी राजीनाम्याच्या कारणांवर रकाने भरले. या ओळीकडे फारशा कोणी पाहिले नाही.

यापुढचा वाद आकड्यांचा आहे. मतमूल्य १९७१ च्या जनगणनेवर गोठवले ते ४२ व्या दुरुस्तीने, कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. २०११ ची लोकसंख्या आणि विधानसभांतील जागांची तीच संख्या धरून हिशेब केला, तर महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५ वरून ३९० वर जाते, उत्तर प्रदेशाच्या २०८ वरून ४९६ वर. केरळचे मात्र १५२ वरून फक्त २३९ होते आणि तामिळनाडूचे १७६ वरून ३०८. १९७१ मध्ये तामिळनाडूचा आमदार महाराष्ट्राच्या आमदारापेक्षा एका मताने जड होता. या हिशेबाने तो ८२ मतांनी हलका होतो. देशाच्या लोकसंख्येतील महाराष्ट्राचा वाटा दोन्ही वेळा नऊ टक्क्यांच्या थोडा वर, जवळपास जसाच्या तसा. महाराष्ट्राला यात कमवायचे नाही आणि गमवायचेही नाही. ज्यांनी दवाखाने काढले, मुलींना शाळेत घातले आणि त्यामुळे ज्यांची कुटुंबे लहान झाली, त्यांची बाजू मांडायला असा तिऱ्हाईत बरा. दुसऱ्या बाजूला, माणशी समान मत हेही समतेचेच तत्त्व आहे, आणि बिहारच्या शेतमजुराला पन्नास वर्षांपूर्वीच्या शिरगणतीत अडकवून ठेवणे न्यायाचे नाही. दोन न्याय्य मागण्या एकमेकींसमोर उभ्या आहेत.

नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केली. राष्ट्रपतीची पुढची निवडणूक वेळापत्रकाप्रमाणे त्याच वर्षी जुलैमध्ये येते. आकडे आधी की मतदान आधी, यावर जळगावच्या आमदाराच्या मतपत्रिकेचे मूल्य अवलंबून आहे. मतदारसंघात जनतेला भेटायला तो येईल, तेव्हा रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर पिंप्राळ्याच्या लोकांनी त्याला हेही विचारावे की ती मतपत्रिका तो कोणत्या विचाराने भरणार आहे. पक्षादेश नाही, तेव्हा वरून आदेश आला होता, हे उत्तर त्याला देता येणार नाही.